मास्तरीणबाईंचा डावा पाय

आमच्या गावात ज्याला गाडी चालवता येते, त्याला ती मास्तरीणबाईंनी शिकवलेली आहे. ज्याला येत नाही, त्यालाही शिकवायचा प्रयत्न बाईंनीच केलेला आहे. अशा न येणाऱ्यांत पहिला नंबर त्यांच्या यजमानांचा.

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसवणारा हा माणूस. पण त्यांची सगळी अक्कल मनगटापाशी संपत होती, ती पायांपर्यंत पोहोचलीच नाही. क्लच आठवला की स्टिअरिंग विसरायचे, स्टिअरिंग आठवलं की आरसा, आणि आरशात बघायला लागले की गाडी कुणाच्या तरी कुंपणात.

बाईंची परीक्षा ठरलेली असे. पाण्याच्या टाकीमागे एक चढ आहे. तिथे मध्यावर गाडी थांबवायची. बाई उतरून मागच्या चाकामागे एक काडेपेटी ठेवणार. मग शिकणाऱ्यानं क्लच असा सोडायचा, की गाडी बोटभरही मागे न येता पुढे निघेल. पेटी चेपली तर उद्या परत. मी चार चेपल्या. आमच्या डॉक्टरांनी अकरा. घड्याळकाकांनी एकोणचाळीस, आणि त्यानंतर बाई म्हणाल्या, "बास करा अहो. घरात गॅस पेटवायला तरी एखादी राहू द्या."

गाडी होती लहानशी, चौकोनी, हिरवी, सत्तावीस वर्षांची. कंपनीनं जी गाडी बनवली होती, तिच्यातलं आता फक्त छप्पर आणि दारं उरली होती म्हणा. दिवे दुसऱ्या गाडीचे, चाकं तिसरीची, आणि आरसे एक आत, दोन बाहेर, एक बाईंच्या खास सोयीचा. डावीकडच्या सीटपुढे आणखी दोन पेडलं, क्लच आणि ब्रेक, जशी शिकवणीच्या गाडीला असतात. शिकणारा गांगरला की शिकवणाऱ्यानं तिकडून सावरायचं. दोन्हीकडची पेडलं आतून दांडीनं जोडलेली. एक दाबलं की दुसरंही आपोआप खाली जायचं.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी क्लास बंद केला. भिंतीवरची पाटी मात्र तशीच होती. तिच्यावर बाईंनी स्वतःच्या हातानं रंगवलेलं: 'येथे गिअरची गाडी शिकवली जाते. ज्यांना ऑटोमॅटिक हवी, त्यांनी पाळण्यात झोपावे.' बेकरीवाल्यानं मागच्या वर्षी ऑटोमॅटिक घेतली, त्या दिवसापासून बाई त्याला पाळणेवाले म्हणू लागल्या. पाव आणायला गेल्या की भर दुकानात विचारायच्या, "काय पाळणेवाले, आज झोप झाली का रस्त्यात?" दुकान हसायचं. बेकरीवाला पाव बांधून द्यायचा आणि आपली वेळ कधी येते त्याची वाट बघायचा.

क्लास बंद झाला तरी एक गोष्ट बंद झाली नव्हती. रोज पहाटे, उजाडायच्या थोडं आधी, बाई गाडी काढायच्या आणि एकट्या खिंडीपर्यंत जाऊन यायच्या. जाऊन येऊन छत्तीस किलोमीटर. सोबत कुणी नाही, रेडिओ नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पायांकडे बघत गाडीत बसलेल्या बाईला तेवढ्या तासाभरात रस्ता स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळायचा. त्या वेळात त्या कुणाच्या बायको नसत, मावशी नसत, मास्तरीणही नसत. वळणावर दुसऱ्यावरून तिसरा गिअर टाकताना त्यांचा चेहरा कसा होत असेल हे कुणी पाहिलेलं नाही, पण परत आल्यावर दार लावताना तो कसा दिसायचा, ते मी समोरच्या घरातून पुष्कळदा पाहिलं आहे. नुकत्याच तोंड धुतलेल्या पोरीसारखा.

आणि नेमका त्यांचा डावा गुडघा गेला.

डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि सांगितलं, "बाई, या पायानं क्लच दाबायचा नाही. दाबत राहिलात तर वर्षभरात हातात काठी येईल."

"अकरा काडेपेट्या," बाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे माझा गुडघा या खोलीबाहेर गेला, तर तुझ्या अकरा काडेपेट्या तुझ्या पेशंटपर्यंत जातील. वेटिंगमध्ये बसलेत ना सगळे? सुरुवात तिथूनच करते."

डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई लंगडत घरी आल्या आणि यजमानांनी विचारल्यावर म्हणाल्या, नवी चप्पल चावते.

त्याच महिन्यात गाडीच्या इंजिनानंही मान टाकायला सुरुवात केली. निळा धूर सोडत ते चढ चढे, आणि चढून झालं की दमेकऱ्यासारखं थरथरे. बाई गाडी घेऊन भाच्याच्या गॅरेजमध्ये गेल्या. हा भाचा म्हणजे त्यांच्या बहिणीचा मुलगा. चाळिशीचा बाप्या, पण खिशात सदा पाना असतो म्हणून त्याला गाव पान्या म्हणतं.

पान्यानं बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि आदरानं बंद केलं.

"मावशी, हे इंजिन आता देवाघरी पाठव. भंगारवाल्याकडे दोन ठोकलेल्या गाड्या आल्यात. दोन्ही नव्या, दोन्हींची इंजिनं ठणठणीत, आणि आपल्या डब्यात मावतील. शनिवारपर्यंत त्यानं माझ्यासाठी राखून ठेवल्यात. फक्त एक ठरव. एक गिअरवाली आहे, एक ऑटोमॅटिक."

"ह्यात ठरवायचं काय? कामाचं बोल."

"कामाचंच बोलतो. गिअरवाली बसवणं मला सोपं. गिअरबॉक्स हलकी, जुन्या जागेत नीट बसते, उद्या बिघडली तर मी झाडाखालीसुद्धा उघडीन. ऑटोमॅटिकला खालचा पत्रा कापावा लागेल, तेल थंड ठेवायला वेगळी जाळी, वर वायरिंगचं जंजाळ. वजन वाढणार, पेट्रोल जरा जास्त पिणार. माझ्या सोयीचं विचारशील तर गिअरवाली." एवढं बोलून तो थांबला आणि बाईंच्या पायाकडे बघू लागला. "पण मी बसवीन ऑटोमॅटिक."

"का रे मेल्या?"

"तू आत्ता उतरलीस ना, तेव्हा आधी उजवा पाय टेकवलास, मग दाराला धरून डावा खाली घेतलास."

"चप्पल चावते."

"अनवाणी आहेस, मावशी."

बाईंनी खाली पाहिलं. चपला गाडीतच राहिल्या होत्या.

पान्या हसला नाही, हे त्याचं शहाणपण. गॅरेजमध्ये बेकरीवाल्याची गाडी तेल बदलायला आलेली होती. तो म्हणाला, "एक चक्कर मारून तर बघ. कुणाला कळणार नाही. नाही आवडली तर विषय संपला."

बाईंनी आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, मग डोक्यावरचा स्कार्फ नाकापर्यंत ओढला आणि चोरासारख्या पाळण्यात बसल्या. पान्या शेजारी बसला.

पहिले दोनशे मीटर गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. बाईंच्या तोंडून "हं" असा आवाज आला. तो नावडल्याचा नव्हता. मग पुढे चौक आला, आणि तीस वर्षं वेग कमी झाला की क्लच दाबणारा त्यांचा डावा पाय, कुणाला न विचारता, सवयीनं पुढे गेला. क्लच नव्हताच. होतं ते ब्रेकचं रुंद पेडल. पायानं ते क्लच समजून तळापर्यंत दाबलं.

गाडी जागच्या जागी उभी राहिली. पान्या उभा राहिला नाही, त्याचं कपाळ समोरच्या फळीवर गेलं. आणि मागच्या सीटवर बेकरीवाल्याचं मैद्याचं अर्धं पोतं होतं, ते पुढे आलं.

दोघं गॅरेजमध्ये परतले तेव्हा भुतासारखे पांढरे होते. बेकरीवाला गाडी न्यायला आधीच येऊन बसला होता. पान्यानं बाईंना मागच्या दारानं आत घेतलं आणि त्याला सांगितलं, "आतून पावडर मारून साफ करतोय. नवीन पद्धत आहे."

"ही असली गाडी माणसं मारायला काढलीय," पंपाखाली तोंड धूत बाई फणफणत होत्या.

"गाडीनं काय केलं? नाचता येईना, अंगण वाकडं. तुझ्या डाव्या पायाला काम नाही हे त्याला कळत नाही, एवढंच. मी नव्या गिऱ्हाइकांना एक युक्ती सांगतो. डाव्या पायातली चप्पल काढून ठेवायची. अनवाणी पायाला आठवण राहते, की आज आपल्याला सुट्टी."

"सुट्टी तुझ्या आजीला! माझे दोन्ही पाय कामावर आहेत. गिअरवाली बसव."

पान्या कपाळावरचं टेंगूळ चोळत म्हणाला, "ठीक आहे. मग शनिवारी सकाळी टाकीमागच्या चढावर ये. काडेपेटी मी आणतो. शाबूत राहिली तर गिअरवाली. चेपली तर मावशी, तुझ्या त्या पाटीवर मी स्वतः चुना मारीन."

आता परीक्षा घेणाऱ्यावरच परीक्षा आली. बाई बुधवारी गुपचूप चढावर गेल्या. पहिल्याच प्रयत्नात गुडघ्यात अशी कळ आली, की क्लच सुटला आणि गाडी टाकीच्या भिंतीपर्यंत मागे गेली. त्या तशाच स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसल्या. गुडघ्याच्या दुखण्याचं त्यांना फार काही वाटलं नाही. उद्या पहाटे आपण खिंडीत नसू, ही गोष्ट पहिल्यांदा खरी वाटली, तिचं वाटलं.

त्या संध्याकाळी त्यांनी यजमानांपुढे चहा ठेवला आणि त्यांच्या डोळ्यावरचं भिंग काढून घेतलं.

"अहो, तुम्हाला एक सांगायचंय. हसायचं नाही."

"गुडघा ना? मला महिनाभर माहितीय. लंबक वाकडा पडला की आवाजावरून कळतं मला, तू तर जिना उतरतेस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू चप्पल म्हणालीस. म्हटलं, असेल बापडी चप्पल."

बाईंनी योजना सांगितली. त्यांच्या गाडीला डावीकडेही क्लच आहे. घड्याळकाकांनी डावीकडे बसायचं, मांडीवर शाल पसरायची, आणि बाईंच्या इशाऱ्यावर तिकडून क्लच दाबायचा आणि सोडायचा. बाकी सगळं बाई करणार. दोन माणसं, तीन धड पाय, एक गाडी.

"माझ्या पायानं?" काका घाबरले. "एकोणचाळीस, अगं."

"इलाज नाही. घरात दुसरा पाय नाही."

गुरुवारी आणि शुक्रवारी पहाटे टाकीमागे तालीम झाली, आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा शिकवण्यात चुकलेल्या निघाल्या. या माणसाला चार कामं एकदम जमत नव्हती हे खरं. पण स्टिअरिंग, आरसा, रस्ता हे सगळं काढून घेऊन एकच पेडल दिलं, तर काकांचा पाय त्यांच्या बोटांसारखा झाला. बाई त्यांच्या गुडघ्यावर करंगळीनं एक टिचकी मारत, क्लच खाली. दोन टिचक्या मारल्या की तो असा हळूहळू वर येई, जशी किल्ली दिलेली स्प्रिंग दात मोजत सुटते.

"कुठं लपवला होतात हो हा पाय इतकी वर्षं?" बाई म्हणाल्या.

"तूच शिव्या देऊन आत घालवलेलास."

एकच अडचण राहिली. समोरचं क्लचचं पेडल आपोआप खालीवर होताना दिसलं, की बाईंचा डावा पाय मध्ये नाक खुपसायला धावे. तेव्हा त्यांना पान्याची युक्ती आठवली. त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढली. पाय गप्प बसला.

शनिवारी सकाळी चढावर पान्या काडेपेटी घेऊन उभा होता. मी दूध आणायला निघालो होतो, तो तिथेच थांबलो. हिरवी गाडी धूर सोडत आली आणि मध्यावर थांबली. डावीकडे काका शाल पांघरून बसले होते, चेहरा फोटो काढायला बसल्यासारखा.

"काका कशाला?" पान्यानं विचारलं.

"घरी एकटे कंटाळतात," बाई म्हणाल्या. "बायकोची परीक्षा बघायचा हक्क नाही का त्यांना?"

पान्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि पेटी टेकवून म्हणाला, "हं, काढ." इंजिन गुरगुरलं. क्षणभर गाडी नुसती ताणली गेली, मांजर उडी मारण्याआधी अंग ताणतं तशी. मग ती पुढे निघाली. मागे केसभरही नाही. पेटी उचलून पान्यानं हलवून पाहिली. आतल्या काड्या वाजल्या.

"मावशी," तो म्हणाला, "मानलं. इतका गुळगुळीत क्लच मी तुझ्याही हातून, म्हणजे पायातून, पाहिला नव्हता."

शालीखाली काका तसे लाल झाले, जसे लग्नातही झाले नसतील.

बाई राणीसारख्या गाडीतून उतरल्या. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी.

पान्या त्या पायाकडे बघत राहिला. मग तो गाडीला वळसा घालून डावीकडे गेला आणि काकांच्या पायांवरची शाल दोन बोटांनी उचलली. काकांचा पाय अजून क्लचवरच होता. गाडी थांबल्यावर सोडायचा इशारा कुणी दिला नव्हता.

"वा," पान्या म्हणाला. "डाव्याला आज सुट्टी होती वाटतं."

मी दुधाचं भांडं खाली ठेवून हसायला लागलो, ते बाईंनी बघितल्यावर थांबलो.

पण पान्यानं वाद घातला नाही. तो म्हणाला, "पेटी शाबूत आहे, शब्द म्हणजे शब्द. गिअरवाली बसवतो. डावीकडचा क्लचही ठेवतो. दोघं मिळून चालवा. फक्त मावशी, मग रोज पहाटे काकांनाही घेऊन जावं लागेल."

"मी तयार आहे," काका लगेच म्हणाले. "कालच कानटोपी काढून ठेवलीय. आणि जाताना बोलायला किती विषय आहेत! त्या जुन्या टोल्याच्या घड्याळाचं तर मी तुला अजून सांगितलंच नाही, त्याचा दात कसा झिजला होता..." आणि ते सांगू लागले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. तालमीच्या दोन पहाटेंत त्यांनी सात घड्याळांचा इतिहास ऐकला होता. माणूस गुणाचा, यात वाद नाही. चाळीस वर्षं त्यांनी त्याच्याबरोबर काढली होती आणि आणखी चाळीस काढायची तयारी होती. पण ती सकाळी सात वाजल्यानंतरची. खिंडीतला तो तास सोडून.

"पान्या," त्या सावकाश म्हणाल्या, "ऑटोमॅटिक बसव."

काकांचं घड्याळ अर्ध्या टोल्यावर थांबलं.

"पण पेटी..." पान्या म्हणाला.

"पेटी तुझ्या खिशात घाल. आणि दोघंही नीट ऐका. गाडी मी यांच्यासाठी बदलून घेतेय. यांना क्लच जमत नाही, बिचाऱ्यांना. एकोणचाळीस चेपल्या, सगळ्या गावाला माहितीय. म्हातारपणी तरी शिकावी म्हणून मी आपली हौस मारली आणि ऑटोमॅटिक घेतली. कळलं?" मग माझ्याकडे वळून, "तुम्हालाही कळलं ना, दूधवाले?"

मी दूधवाला नाही. पण मला कळलं.

काकांनी शालीची नीट घडी केली. नुकताच मिळालेला पाय पुन्हा हातचा जात होता, आणि वर नामुष्कीही त्यांच्याच खात्यात. ते एवढंच म्हणाले, "बरं. पण मग खरंच शिकव."

तीन आठवड्यांनी गाडी आली. पान्यानं पत्रा कापला, जाळी बसवली, आणि डावीकडचा क्लच काढून त्या जागी रबराचा तुकडा चिकटवला. बेकरीवाला बातमी लागताच बाईंच्या दारात हजर. सोबत केक.

"पाळण्याचं बारसं करायला आलोय," तो म्हणाला. वर्षभर साठवलेलं वाक्य होतं ते.

"करा ना," बाई म्हणाल्या. "यांच्यासाठी घेतली हो. क्लच जमत नाही ना यांना." आणि केक आत नेला. बेकरीवाला काकांकडे बघत राहिला. काकांनी मान खाली घालून हो म्हटलं. साठवलेलं वाक्य असं वाया गेलेलं मी प्रथमच पाहिलं.

बोलल्यासारखं करणं भाग होतं, म्हणून रविवारी दुपारी सगळ्यांना दिसेल अशा रीतीनं बाईंनी काकांना स्टिअरिंगवर बसवलं. एक दिवस दाखवायचं आणि पहाटे आपली खिंड गाठायची, असा त्यांचा हिशोब.

पण क्लच नसलेली गाडी आणि घड्याळकाका यांचं जे जमलं, ते बघायला सगळी गल्ली बाहेर आली. आठवायच्या चार गोष्टींतली एक कायमची गेली होती, आणि उरलेल्या तीन त्यांना झेपत होत्या. पहिल्या दिवशी ते चौकापर्यंत गेले, आठवड्यानं नदीच्या पुलापर्यंत, आणि महिनाभरात परवाना खिशात घालून सरळ खिंडीपर्यंत. "वळणापर्यंत मीच नेतो," म्हणायचे, आणि वळण गेलं की पुढचं वळण दाखवायचे. बाई पहाटे दार उघडून बाहेर याव्यात, तर अंगण रिकामं. दुसऱ्या दिवशी बाई अर्धा तास आधी उठल्या, आणि काका कानटोपी घालून दारात रिकाम्या अंगणाकडे बघत उभे. तिसऱ्या दिवशी काका त्याहून आधी. गावात कोंबडा आरवायच्या आत त्या घरातला दिवा लागू लागला.

परवा मी लवकर जागा झालो आणि खिडकीशी गेलो. पुरतं उजाडलं नव्हतं. काका ड्रायव्हरच्या सीटवर ताठ बसले होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाई दाराबाहेर उभ्या होत्या, पदरात मूठ घट्ट आवळलेली.

"उतरा," बाई म्हणाल्या. "किल्ली माझ्याकडे आहे."

"असू दे," काका म्हणाले. "सीट माझ्याकडे आहे. मला कुठं घाई आहे?"